भिंत वाढवण्याआधी हिस्सा मोजा

घरात निकाह ठरला, की दावतीच्या यादीआधी प्रश्न निघतो तो खोलीचा. मुलगा आणि सून राहणार कुठे? आमच्या वर्धा जिल्ह्यात, मग ते वर्धा शहर असो, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव असो की देवळी-सेलूकडचे एखादे गाव, बहुतेक कुटुंबे नवे घर विकत घेत नाहीत. आहे तेच घर वाढवतात. मागच्या अंगणात एक खोली काढतात, कवेलू उतरवून स्लॅब टाकतात, किंवा वर एक मजला चढवतात. आयुष्यभराची बचत त्यात जाते. म्हणूनच या महिन्यात आम्ही घरदुरुस्ती आणि घरवाढ हा विषय घेतला आहे.

घर वाढवताना बिघाड होतो तो बहुधा सांध्यावर. जुनी भिंत आणि नवी भिंत जिथे मिळते तिथे भेग पडते. जुना स्लॅब आणि नवा स्लॅब जिथे जुळतो तिथे पाणी गळते. आणि भावाचा पैसा व बहिणीचा हिस्सा जिथे एकमेकांत मिसळतो तिथे नाते तुटते. पहिल्या दोन भेगा मिस्त्री बुजवू शकतो. तिसरी बुजवायला पिढ्या जातात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

घर नेमके कोणाचे?

दोन परिस्थिती वेगळ्या आहेत. अब्बा हयात असतील आणि जागा त्यांच्या नावावर असेल, तर घर त्यांचे आहे. वारसाहक्क मृत्यूनंतर सुरू होतो, आधी नाही. अशा घरात थोरल्या मुलाने स्वतःच्या पगारातून वरचा मजला बांधला, तर तो मजला काय समजायचा? अब्बांना दिलेली भेट, अब्बांना दिलेले कर्ज, की मुलाची स्वतःची मिळकत? अब्बा आणि मुलगा समोरासमोर असताना हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. अब्बांनंतर तोच प्रश्न न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो. म्हणून बांधकामाआधी साध्या कागदावर का होईना, पण लिहून घ्या आणि घरातील सर्वांना वाचून दाखवा.

दुसरी परिस्थिती अधिक नाजूक आहे. अब्बा किंवा दादा वारले, घर अजून त्यांच्याच नावावर आहे, एक भाऊ तिथे राहतो आणि तोच घर वाढवतो. 1937 च्या शरीयत कायद्यानुसार आपल्याकडे वारसा शरीयतप्रमाणे ठरतो. मय्यतीचा खर्च, कर्ज आणि वसियत असेल तर ती मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वजा केल्यावर जे उरते, त्यात प्रत्येक वारसाचा हिस्सा मृत्यूच्या क्षणीच ठरलेला असतो. तो कोणी द्यावा म्हणून द्यायचा नसतो. तो त्याचाच असतो.

आकड्यांत पाहू. समजा वारस आहेत आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. जागा 1200 चौरस फूट. मय्यताची पत्नी म्हणून आईचा आठवा हिस्सा, म्हणजे 150 चौरस फूट. उरलेल्या 1050 मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे प्रत्येक मुलाचे 420 आणि मुलीचे 210. आता एका भावाने मागच्या अंगणात 300 चौरस फुटांची खोली काढली आणि तिच्या आत बहिणीचे 210 बुडाले, तर त्या खोलीच्या भिंती त्याच्या असतील, पण खालची जमीन पूर्णपणे त्याची नाही.

"तिच्या लग्नात एवढा खर्च केला, आता कसला हिस्सा?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. लग्नाचा खर्च वारशातून वजा होत नाही. आणि बहीण विचारल्यावर "मला काही नको" म्हणते तेव्हा तिच्या मनात बहुधा एकच भीती असते: मागितले तर माहेर तुटेल. अशा धास्तीतून आलेली माफी ही माफी मानायची का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. सूरह निसामध्ये मालमत्ता थोडी असो वा फार, तीत पुरुषांचा आणि स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिलेला आहे, हे आपल्याला पाठ असते. प्रश्न फक्त अमलाचा आहे.

मार्ग अवघड नाही. विटा येण्याआधी सगळ्या वारसांनी एकदा बसावे. आजच्या जागेची किंमत काढावी, बांधकामानंतरची नव्हे. बहिणीला तिच्या हिश्श्याची रक्कम एकदम किंवा ठरलेल्या हप्त्यांनी द्यावी, किंवा तिचा भाग नकाशावर आखून मोकळा ठेवावा. ती खरोखर राजीखुशीने सोडत असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणी कार्यालयात नोंदवावे. तोंडी बोलणे किंवा साध्या कागदावरची सही पुढच्या पिढीत टिकत नाही. आईला रोख देऊन मोकळे होण्यापेक्षा तिला घरातली हवेशीर, दर्शनी खोली मिळते का, हेही याच बैठकीत ठरवावे. घरवाढीत बहुतेकदा तिचीच खाट मागे सरकते.

कागद आणि परवानगी

गावात घरकराची पावती आणि नमुना 8 चा उतारा हाच मालकीचा पुरावा समजला जातो. तो कर आकारणीचा दाखला आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. आपल्या गावात ते काम झाले असेल, तर पत्रिकेवरचे नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा तपासा. शहरात आखीव पत्रिका पाहा. विदर्भातील जुन्या वस्त्यांत जागा नझूलच्या पट्ट्याची असू शकते. मग पट्ट्याची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झाले आहे का आणि वारसांची नावे चढली आहेत का, हे आधी पाहावे लागते. नाव चढलेले नसेल तर बँक, नगर परिषद आणि खरेदीदार तिघेही अडवतात.

बांधकाम स्वतःच्या जागेत असले तरी परवानगी लागते. शहरात नगर परिषदेची, गावात ग्रामपंचायतीची. डिसेंबर 2020 पासून राज्यात एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. तीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांसाठी पद्धत सोपी केली आहे. पण सोपी म्हणजे माफ नव्हे. परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नकाशा आणि अर्जाची पोच आपल्या फाइलमध्ये असलीच पाहिजे. वर मजला चढवत असाल तर एक गोष्ट विसरू नका. गच्चीजवळून महावितरणची तार जात असेल, तर घराची भिंत आणि तार यांत किमान 1.2 मीटर आडवे अंतर हवे, आणि गच्चीवरून जाणारी तार त्याहून बरीच उंच हवी. तेवढे मिळत नसेल तर आधी तार हलवण्याचा अर्ज, मग सेंट्रिंग.

आमची काळी माती

ज्या मातीने जिल्ह्याला कापूस दिला, तीच माती घराच्या पायाला छळते. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगांत हात जातो, हे आपण पाहतोच. घराखालची मातीही तेच करते. घर एका बाजूने उचलले जाते, दुसऱ्या बाजूने खचते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. दरवर्षी छपाई करून ती बुजवली तरी पुढच्या पावसाळ्यात परत उघडते. कारण रोग भिंतीत नसून जमिनीत आहे.

नव्या खोलीचा पाया खणताना मिस्त्रीने "तीन फूट पुरे" म्हटले, तर विचारा: खाली मुरूम लागला का? काळ्या मातीचा थर संपून पक्का मुरूम लागेपर्यंत जाणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. थर खूप खोल असेल, तर खालच्या टोकाला फुगवटा असलेले लहान काँक्रीट खांब जमिनीत उतरवतात आणि त्यांवर बीम टाकून घर उभे करतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत काळ्या मातीसाठीच विकसित केली. ती नेहमीच्या मिस्त्रीला जमेलच असे नाही. इथे अभियंत्याची फी वाचवू नका.

बाकीची काळजी स्वस्त आहे. खणलेली काळी माती जोत्यात परत भरू नका, ती बाहेर टाका आणि मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून भरा. जोत्याच्या पातळीवर चारही बाजूंनी सलग बीम घ्या. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी करा, म्हणजे पावसाचे पाणी पायाजवळ मुरणार नाही. न्हाणीचे पाणी आणि शोषखड्डा पायापासून दूर ठेवा. काळ्या मातीत शोषखड्ड्याचे पाणी लवकर जिरत नाही. ते आसपासची माती फुगवत बसते.

जुने आणि नवे यांचा सांधा

जुने घर इतक्या वर्षांत बसायचे तेवढे बसलेले असते. नवी खोली अजून बसायची असते. दोन्ही भिंती दात काढून एकमेकींत गुंतवल्या, तर नवी खचताना जुनीलाही ओढते. काळ्या मातीत नवी खोली स्वतःच्या कॉलमवर उभी करावी आणि दोन भिंतींत इंचभर जागा सोडावी. त्या जागेत लवचीक भराव घालून वरून झाकपट्टी लावता येते. स्लॅबच्या पातळीवर तर हे फार नीट करावे, कारण तिथूनच गळती सुरू होते. जुन्या गच्चीचे पाणी नव्या गच्चीवर सोडू नका. दोन्हींना स्वतंत्र उतार आणि स्वतंत्र पाइप द्या.

मातीच्या चिखलात बांधलेल्या जुन्या विटांच्या किंवा दगडी भिंतींवर थेट स्लॅब टाकणे धोक्याचे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. तिथे चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड धाबे हीच अनेक घरांतली मरणाची कारणे ठरली. भूकंप आला नाही तरी वजन हे वजनच. जुन्या भिंती ठेवायच्या असतील तर वरचे छत हलके ठेवा. स्लॅबच हवा असेल तर त्यासाठी स्वतंत्र कॉलम उभे करा. आधीच कॉलमचे घर असेल, तरी पाया किती मजल्यांसाठी घातला होता हे पाहून मगच वर जा. "पुढे मजला चढवू" म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळाखा वर्षानुवर्षे गंजत असतात. त्यांना सुरुवातीलाच सिमेंटचा लेप किंवा कच्च्या काँक्रीटचे आवरण द्यावे, आणि मजला चढवताना गंज खाल्लेली सळाख अभियंत्याला दाखवावी.

कवेलूचे छत उतरवताना जुने सागवान भंगारात देऊ नका. उधई नसलेली फाटी आणि कड्या चौकटींना, दारांना, दिवाणाला उपयोगी पडतात. आज तसे लाकूड विकत घेणे परवडत नाही.

स्लॅब आणि ऊन

स्लॅब म्हणजे प्रगती, असे आपण मानतो. पण वर्ध्याच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो. नव्या सुनेची खोली सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात गरम. याचा विचार आधी व्हावा.

शिकण्याजोगे उदाहरण आमच्या दारातच आहे. 1936 साली गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा त्यांची अट होती की घराचा खर्च 500 रुपयांच्या पुढे जाऊ नये आणि साहित्य व कारागीर जवळपासचेच असावेत. जाड मातीच्या भिंती, बांबू, कवेलू आणि भोवती ओसरी. भर दुपारी तिथे जाऊन आले की फरक अंगाला कळतो. वर्ध्यातच 1976 साली देवेंद्र कुमार यांनी सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था सुरू केली. निमुळते मातीचे नळे एकमेकांत बसवून त्यांची कमान करायची आणि सळाखांशिवाय छत उभे करायचे, ही पद्धत या संस्थेने रुजवली. प्रत्येकाने मातीचेच घर बांधावे असे आमचे म्हणणे नाही. पण पश्चिमेच्या भिंतीवर ओसरी किंवा छज्जा, गच्चीवर पांढरा चुना किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सची फरशी, आणि कूलरच्या समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला खिडकी, एवढे तर प्रत्येक जण करू शकतो. बाहेर जायला वाट नसेल तर कूलर फक्त दमटपणा वाढवतो.

शेजार, परदा आणि किब्ला

दाट वस्तीत आपली नवी खिडकी शेजाऱ्याच्या अंगणात उघडते. आपल्याला हवा मिळते, पण त्यांच्या बायका-मुलींना अंगणात बसणे अवघड होते. अशा बाजूला डोक्याच्या वर जाळी किंवा रोशनदान द्यावे. हवा येते, नजर जात नाही. गच्चीच्या पाण्याची नळी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नये. आपले जोते उंच करताना पावसाचे पाणी त्यांच्या घरात वळत नाही ना, हेही पाहावे. भिंत सामाईक असेल तर तोडण्याआधी दार ठोठावून बोलावे. शेजाऱ्याला आपल्या भिंतीवर लाकूड टेकवू द्यावे, इतकी बारीक शिकवण हदीसमध्ये आहे. ती घेण्याइतकीच देण्याचीही आहे.

घरात नवी न्हाणी निघत असेल तर ती तळमजल्यावर निघावी, म्हणजे अम्मी-अब्बांना जिना चढावा लागणार नाही. वजूसाठी बसायला एक ओटा आणि त्याच्यासमोर नळ दिला तर गुडघे दुखणाऱ्यांची दुआ मिळेल. शौचालयाचे भांडे उत्तर-दक्षिण बसवावे. वर्ध्याहून किब्ला जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. त्यामुळे उत्तर-दक्षिण बैठकीत तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे होत नाही. हे नळजोडणीच्या आधी सांगितले तर फुकट होते, नंतर सांगितले तर फरशी फोडावी लागते.

पैसा आणि ठेका

घरवाढीत अंदाज चुकतो तो जुने उघडल्यावर. छपाई उतरली की आतली पोकळी दिसते, फरशी काढली की वायर आणि पाइप बदलावे लागतात. म्हणून हातातल्या रकमेचा काही भाग सुरुवातीपासून बाजूला ठेवावा आणि काम टप्प्याटप्प्याने करावे. आपल्यापैकी अनेकांना व्याजाचे कर्ज नको असते. मग नातलगांकडून कर्जे-हसना घेतले जाते. ते घ्यावे, पण लिहून. सूरह बकराची 282 क्रमांकाची आयत, कुरआनातील सर्वांत लांब आयत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. मामूंकडून किती घेतले आणि कधी परत करायचे, हे लिहिण्यात अविश्वास नाही. नाते जपण्याचीच ती रीत आहे. मातीच्या कच्च्या घरात राहणाऱ्या गरजू कुटुंबांनी ग्रामपंचायतीत प्रधानमंत्री आवास योजनेच्या यादीत आपले नाव आहे का, हे जरूर पाहावे.

ठेकेदाराशीही लेखी बोला. मजुरी चौरस फुटावर असेल तर मोजमाप कसे धरणार? छज्जा आणि जिना त्यात आहे का? सेंट्रिंग, मिक्सर आणि पाणी कोणाचे? पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा पाहून देण्याचे आधीच ठरवा. ठरलेले मात्र त्याच दिवशी द्या. मजुराची मजुरी अडकवून बांधलेल्या घरात बरकत कशी येणार?

रेतीचे मोजमाप स्वतः करा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजून गुणा आणि 100 ने भागा. वाहतुकीचा परवाना पाहूनच माल उतरवून घ्या, विनापरवाना रेती स्वस्त पडली तरी तिची जबाबदारी घरमालकावर येऊ शकते. रेती काचेच्या बाटलीत पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर गाळाचा जाड थर बसला तर ती रेती स्लॅबला नको.

तारीख कोण ठरवणार?

निकाहाची तारीख ठरते आणि मग बांधकामाला पळवले जाते. स्लॅबला मात्र घाई कळत नाही. कोरड्या उन्हात त्यावर किमान दोन आठवडे पाणी हवे, म्हणजे गच्चीवर आळी करून पाणी साठवून ठेवायचे. खालचे टेकू अभियंता सांगेल तेव्हाच काढायचे. उन्हाळ्यात विहीर आटत असेल तर हे पाणी कोठून आणणार, हे आधी पाहा. आमच्याकडे सोयाबीन निघाल्यावर काम सुरू करून उन्हाळ्याआधी स्लॅब उरकणे सोयीचे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर कमी मिळतात, हे धरून चला. सध्या रमजान फेब्रुवारीच्या आसपास येतो. रोजादार मजुरांकडून स्लॅबसारखे दिवसभराचे जड काम करून घेण्यापेक्षा ते रमजानच्या आधी किंवा ईदनंतर ठेवावे. आणि आतली भिंत पुरती वाळायला वेळ द्या. ओल्या भिंतीला रंग लावला की पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे निघतात.

हे सगळे एकदम होणार नाही. पण एक काम याच आठवड्यात होऊ शकते, आणि त्याला सिमेंट लागत नाही. घराचा उतारा काढा, टेप घेऊन जागा मोजा, वारसांची नावे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचा हिस्सा मांडा. मग बहिणीला फोन करा आणि आकडा तुम्हीच सांगा, तिने विचारण्याआधी. घर बांधणाऱ्या सर्वांच्या कामात अल्लाह आसानी करो.